आठवणी तुमच्या, मिळकतकर आमचा

हे प्रकरण पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका बंद पडलेल्या थिएटरचं आहे. नदीकडच्या एका पेठेत ते उभं आहे. मालक कुटुंबाच्या विनंतीवरून थिएटरचं, पेठेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, २०२२ पासून हे थिएटर वाचवण्याच्या कामात आहे. जे चुकलं त्यातलं काही माझ्या सल्ल्यामुळे चुकलं. तेही घडलं तसं लिहितो, कारण जुनी थिएटरं वाचावीत असं वाटणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण सुरुवात कुठून करायची हे त्यांना कोणी सांगत नाही. आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं.

पार्श्वभूमी

पुण्यात थिएटर जातं, पण नाव जात नाही. मंडईजवळ बापूसाहेब पाठकांनी १९१५ साली सुरू केलेलं आर्यन हे शहरातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह. १९८३ मध्ये ते बंद झालं, पुढे पाडलं गेलं. आज तिथे वाहनतळ आहे आणि मंडईत भाजीला आलेला माणूस ‘गाडी आर्यनला लावलीय’ म्हणतो. डेक्कनचं हिंदविजय पुढे नटराज झालं आणि नटराजच्या जागी मॉल आला. लक्ष्मी रस्त्यावरचं लिमये नाट्यचित्रमंदिर विजय झालं. त्या नावाने अख्खा चौक ओळखला जातो.

अप्पा बळवंत चौकातलं प्रभात १९३४ चं. २०१४ च्या अखेरीस तिथला करार संपला आणि वास्तू मूळ मालक किबे कुटुंबाकडे परत गेली. त्या दिवसांत प्रभात संपलंच असं धरून कितीतरी जण हळहळले होते, मीही त्यात होतो. पण मालकांनी किबे लक्ष्मी या नावाने तिथे सिनेमाच चालू ठेवला. मालक म्हटला की तो पाडायलाच टपलेला, हे आपण फार सहज गृहीत धरतो.

आमचं थिएटर तीसच्या दशकाच्या अखेरीस बांधलेलं. नाटक आणि बोलपट दोन्ही व्हावेत अशा बेताने बांधलं, म्हणून पडद्यामागे चांगला सोळा फूट खोल रंगमंच आहे आणि विंगाही आहेत. घडीव काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातलं विटांचं बांधकाम, वर लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, आणि पत्रे, आत सेलोटेक्सचं, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या पाट्यांचं छत. खाली-वर मिळून साडेसहाशेच्या आसपास खुर्च्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी आत शिरलं, ते बुकिंगच्या खोलीत कुठवर चढलं त्याची तेलरंगाची रेघ मालकांनी तेव्हाच ओढून ठेवली. ती माझ्या खांद्याला लागते.

माझं स्वतःचं नातं सांगतो, कारण ते लपवून हे प्रकरण लिहिणं बरोबर नाही. मी पाचवीत असताना वडिलांबरोबर तिथे मॅटिनीला गेलो होतो. इंटरव्हल होऊन थोडा वेळ झाला असेल. चालू सिनेमावरच पांढरी अक्षरं उमटली: वडिलांचं नाव, आडनाव आणि ‘त्वरित बाहेर यावे’. वडील उठले, माझा हात धरला, डोअरकीपरने बॅटरी दाखवली. बाहेर शेजारचे काका सायकल घेऊन उभे होते. आजोबांना ससून रुग्णालयात नेलं होतं. आजोबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. पण ती अक्षरं कोणी लिहिली, इतक्या लवकर कशी लिहिली, हा प्रश्न माझ्या डोक्यात चाळीसहून अधिक वर्षं तसाच होता.

अडचण

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत शो थांबले. २२ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातल्या चित्रपटगृहांना पुन्हा परवानगी मिळाली. हे मात्र उघडलं नाही. डिजिटल प्रोजेक्टर भाड्याचा होता, तो कंपनीने उचलून नेला. बिल थकल्याने मीटर गेला. नोकरीवरची माणसं एकेक करून पांगली.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर दहा नावं होती, तीन भावांच्या तीन पात्या, म्हणजे घराच्या शाखा, आणि एक बहीण. वाटपाचा दावा बरीच वर्षं दिवाणी न्यायालयात पडून होता. पुढच्या बाजूला चार पागडीची, म्हणजे एकदाच ठोक रक्कम देऊन जुन्या भाड्यावर राहिलेली दुकानं: घड्याळजी, शिंपी, फरसाणवाले आणि एक वह्या-पुस्तकांचं. बुकिंगच्या वरच्या दोन खोल्यांत ती बहीण राहते, वय तेव्हा एक्याऐंशी. सगळी पेठ तिला आत्याच म्हणते, मीही म्हणतो. एका बिल्डरचा प्रस्ताव कुटुंबाच्या हातात होता: आठ मजली व्यापारी इमारत, सगळ्यात वर छोटा पडदा. चित्रपटगृहाची जागा विकसित करताना जुन्या आसनांपैकी काही वाटा नव्या इमारतीत राखावा लागतो, त्या अटीपुरता. दहापैकी सहा वारसांच्या सह्या झालेल्या होत्या.

आणि छत गळत होतं. हे इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय या एका जागेपाशी येऊन ठेपतात. दुकानांच्या इमारतीचा उतार मागे येतो आणि प्रेक्षागृहाच्या पत्र्यांचा उतार पुढे येतो. दोन्हींच्या मध्ये एक पन्हळ आहे, साधारण साठ फूट लांब. दोन छपरांचं पाणी त्या एकाच पन्हळीत. पिंपळाची पानं, पतंग, कबुतरांची घरटी यांनी ती तुंबली की पाणी उलटं पत्र्याखाली शिरतं आणि बाल्कनीच्या मागच्या भिंतीतून उतरतं. त्या भिंतीला कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला होता. चुन्याची भिंत ओल घेते आणि ओल सोडते. वरून सिमेंट फासलं की घेतलेली ओल आतच राहते, विटा भुसभुशीत होतात आणि बाहेरून फक्त रंगाचे पोपडे दिसतात. मी पहिल्यांदा हाताने दाबून पाहिलं तेव्हा विटेचा चुरा मनगटावर आला. अजून दोन पावसाळे ही भिंत तग धरणार नाही, असं मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं.

पहिलं पाऊल, आणि ते का चुकलं

आम्ही सात जण होतो. दोन वास्तुविशारद, एक निवृत्त शिक्षिका, एक वकील, फिल्म सोसायटी चालवणारे दोघे आणि मी. सगळ्यांच्या आठवणी त्या थिएटरात अडकलेल्या. आम्ही सह्यांची मोहीम काढली. दोन रविवार थिएटरसमोर टेबल टाकून बसलो, पाच वह्या भरल्या. लोक थांबून गोष्टी सांगत होते. बायकांची वेगळी खिडकी, पहिल्या दिवसाच्या पहिल्या शोला मिळालेलं तिकीट, लग्न ठरल्यावर दोघांनी मिळून पाहिलेला पहिला सिनेमा आणि बरोबर पाठवलेला धाकटा भाऊ. एका वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली. मथळ्याचा सूर असा होता की वारसा बिल्डरच्या घशात चालला आहे.

चार दिवसांनी थोरल्या पातीतल्या एका वारसांचा, आत्यांच्या भाच्यांचा, फोन आला. भेटायला बोलावलं. चहा दिला, आणि मग म्हणाले, “साहेब, आठवणी तुमच्या, मिळकतकर आमचा. बंद थिएटरचा टॅक्स मी दोन वर्षं माझ्या दुकानाच्या गल्ल्यातून भरलाय. तुमच्यापैकी शेवटचा सिनेमा इथे कोणी पाहिला, आणि कधी?”

सातपैकी एकानेही २०१० नंतर तिथे तिकीट काढलेलं नव्हतं.

त्या बातमीने कुटुंबाची नाचक्की झाली होती. शाळेत त्यांच्या नातवाला मुलं विचारत होती. वारसांपैकी दोघं, जे बिल्डरच्या विरोधात होते, तेही आमच्यावर चिडून गप्प झाले. सही-मोहीम आधी आणि घरी जाणं नंतर, हा क्रम ठरवताना मीही मान डोलावली होती. लोकांचा दबाव असला की मालक ऐकतो, असं मला वाटत होतं. दबावाने माणूस वकील गाठतो.

बंद पडलेली बोलणी आत्यांमुळे सुरू झाली. निवृत्त शिक्षिका एकट्या त्यांना भेटायला गेल्या, कागद नाही, वही नाही. दीड तास बसल्या. आत्यांनी विचारलं, “पाडलं तर मला कुठे ठेवणार, ते यांनी कोणी मला विचारलंच नाही. तुम्ही तरी विचारा.” पुढच्या पूर्ण वाटाघाटीत हा प्रश्न आम्ही पहिल्या ओळीत ठेवला.

ऑपरेटर मामा

आत्यांनीच आणखी एक नाव दिलं. या थिएटरच्या केबिनमध्ये एक्केचाळीस वर्षं काढलेले ऑपरेटर, राहायला धनकवडीला. इतक्या महिन्यांत आम्ही त्यांना शोधलंही नव्हतं.

मामा आले, केबिनचं कुलूप उघडलं आणि दारातच थांबले. “दुसरं मशीन कुठाय?”

पस्तीस एमएमचे दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असत, ते आम्हाला ऐकून माहीत होतं. आत एकच होता. दुसऱ्याच्या जागी फरशीवर चार बोल्टांची भोकं. दर्शनी भागाचे फोटो काढण्यात आणि रेखाचित्रं करण्यात आम्ही गुंतलो होतो, त्याच उन्हाळ्यात मागच्या दाराने भंगारवाल्याला एक मशीन, पडद्यामागचे कर्णे आणि पितळी कठडे दिले गेले होते. वीजबिलाचा एक हप्ता त्यातून भागवला गेला, हे भाच्यांनी नंतर स्वतःहून सांगितलं. मी दोन रविवार आणि एक बुधवार जुन्या बाजारात हिंडलो. एक भिंग सापडलं. ते आमच्याच मशीनचं आहे की नाही, ते मामांनाही सांगता आलं नाही.

उरलेल्या मशीनपाशी उभं राहून मामांनी काम समजावून सांगितलं. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू. दुसरा ठिपका आला की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. “प्रेक्षकाला कळलं तर ऑपरेटर कच्चा.” झेनॉन दिवे येण्याआधी कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करत. कांडी जळत जाते तसतशी पुढे सरकवत राहायची, नाहीतर पडदा पिवळा पडतो. केबिनमध्ये उन्हाळ्यात बनियनवरही बसवत नसे.

मग त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून एक लाकडी पेटी काढली. आत काचा. दुकानांच्या जाहिरातींच्या रंगीत स्लाइडी होत्या, आणि तळाशी पाच-सहा काळ्या काचा. एक त्यांनी पुसली, चिमणी पेटवून तिच्यावर काजळी धरली, गार होऊ दिली आणि टाचणीने त्यावर न अडखळता माझं नाव कोरलं. काच खिडकीसमोर धरली. काळ्यात पांढरी अक्षरं. “डोअरकीपर चिठ्ठी घेऊन वर आला की दोन मिनिटांत पडद्यावर. चालू पिक्चरवर टाकायची, म्हणून बाकी सगळं काळं. फक्त नाव दिसलं पाहिजे.” मी त्यांना आजोबांचं सांगितलं. मामा तेव्हा नोकरीला लागलेले नव्हते. त्यांच्या आधीच्या ऑपरेटरने लिहिलं असणार, म्हणाले, आणि त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

त्या दिवसानंतर आमच्या बैठकीत मामा कायमचे आले. आत्या आजारपणामुळे येत नसत, पण प्रत्येक निर्णय त्यांना वाचून दाखवला जाई.

कोणते पर्याय होते

बिल्डरचा प्रस्ताव वाईट हेतूचा नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. दहा वारसांना पैसे मिळत होते आणि वाटपाचा दावा मिटत होता. त्यात पागडीवाल्यांचा प्रश्न मात्र अर्धवट होता आणि आत्यांचा तर नव्हताच.

मल्टिप्लेक्स कंपनीला चालवायला द्यावं, हा दुसरा विचार. एका कंपनीचे लोक येऊन बघूनही गेले. त्यांनी पार्किंग विचारलं. बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथे पार्किंग कुठून देणार? पुढे २०२४ मध्ये मुंबईत चर्चगेटसमोरचं १९३८ चं इरॉस आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडलं, तेव्हा कित्येकांनी आम्हाला ते उदाहरण दिलं. आनंदच आहे. पण चर्चगेट स्टेशनच्या समोरचं थिएटर आणि पेठेतल्या बोळातलं थिएटर यांना एकच औषध लागू पडत नाही.

वारसा यादीत नाव घालून घेण्यावर आमच्यात सर्वांत जास्त वाद झाला. वास्तुविशारदांचा आग्रह होता. यादीत आल्यावर मालकाला टीडीआर मिळू शकतो, म्हणजे पाडायचं नाही पण बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. कागदावर हे कुटुंबाच्या फायद्याचंच. पण आमच्या बातमीनंतर ‘वारसा’ हा शब्दच त्या घरात नकोसा झाला होता. मालकाच्या इच्छेविरुद्ध अर्ज करायचा नाही, असं आम्ही चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं. मी चारांत होतो. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि विरोधातल्या तिघांचं म्हणणंही चूक होतं असं मी म्हणणार नाही. उद्या कुटुंबाचं मन बदललं तर वास्तूला कायद्याचं कोणतंही संरक्षण नाही, हे खरं आहे.

सेलवाल्यांना हॉल देणं हा चौथा मार्ग. चादरी, भांडी, पुस्तकं. पैसे लगेच मिळतात, पण खुर्च्या काढाव्या लागतात. एकदा काढलेल्या खुर्च्या परत लागल्याचं मामांनी आयुष्यात कुठे पाहिलेलं नव्हतं. तो मार्ग तिथेच सोडला.

राहिला तो मार्ग लहान होता. आमचा न्यास नोंदवायचा, तीन वर्षांसाठी फक्त प्रेक्षागृह लिव्ह अँड लायसन्सवर घ्यायचं, गळती थांबवायची, आणि जे चालेल ते चालवून कुटुंबाचा चालू मिळकतकर भरायचा. वकील मित्राने करारात कलम घातलं की दाव्यातल्या कोणाच्याही हिश्शाला याने बाधा येणार नाही, आणि कोर्टात तशी पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. बिल्डरला नकार द्यायला आम्ही सांगितलंच नाही. तीन वर्षं थांबा, एवढंच म्हटलं. दहा जणांच्या सह्या व्हायला सात महिने लागले. शेवटची अमेरिकेतून आली. आत्यांच्या दोन अटी होत्या: रात्री नऊनंतर आवाज नको, आणि बुकिंगच्या खिडकीवर थोरल्या भावाने रंगवलेले दर पुसायचे नाहीत.

काय केलं

वर्गणीतून नऊ लाख जमले. पन्हळ बदलणं, फुटके पत्रे आणि भिंतीची दुरुस्ती यांचा अंदाज साडेसहा लाख. दर्शनी भागाचा, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरची नक्षी, नावाची अक्षरं आणि रंग यांचा अंदाज सात लाख. दोन्ही होणार नव्हतं. देणगीदारांपैकी बहुतेकांना दर्शनी भाग हवा होता, आणि त्यांचं चूक नव्हतं. रस्त्यावरून दिसतं ते तेच. एप्रिल संपत आला होता.

या वेळी मी अडून बसलो. देणगीदारांना चार-चारच्या गटांनी वर नेलं, ती भिंत दाबायला लावली. विटेचा चुरा हातावर आल्यावर वाद संपला. मे महिन्यात जुनी पन्हळ काढली, नवी रुंद आणि खोल बसवली, दोन्ही टोकांना जाळ्या लावल्या. सिमेंट खरवडून काढलं. चुन्याचा गिलावा करणारे मिस्त्री शोधायला तीन आठवडे गेले. त्यांनी चुना भिजत घातला, मळला, तीन थरांत चढवला आणि प्रत्येक थर सुकायला आमच्या घाईपेक्षा जास्त दिवस घेतले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही चौघे बाल्कनीत बॅटऱ्या घेऊन रात्री साडेअकरापर्यंत उभे होतो. भिंत कोरडी राहिली.

बाल्कनी बंदच ठेवायचं ठरवलं. तिला एकच लाकडी जिना, तोही वळणाचा. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहारमध्ये ५९ माणसं गेली, ती बाल्कनीतलीच, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या म्हणून. बाल्कनीच्या आठवणी सांगणारे लोक अजून माझ्यावर नाराज आहेत. दुसरा जिना झाल्याशिवाय मी तिथे एकही माणूस बसवू देणार नाही. खालीही दोन रांगा काढून वाट रुंद केली. उरल्या २८८ खुर्च्या.

सिनेमा दाखवायचा तर अग्निशमन, वीज आणि चित्रपटगृहाचा परवाना हे सगळं नव्याने हवं होतं. त्याला वर्षाहून जास्त लागलं. त्या वर्षात थिएटर ज्याने जगलं, ते आमच्या एकाच्याही योजनेत नव्हतं. जूनमध्ये एका कॉलेजची मुलं विचारायला आली: रंगमंच आहे ना, तालमीला मिळेल का? पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये असते. त्याआधी दोन महिने पुण्यातली मुलं गच्च्या, सोसायट्यांचे हॉल, कोणाच्या तरी काकांचं गॅरेज असं शोधत फिरतात. आमच्याकडे सोळा फूट खोल रंगमंच होता. तासाला दीडशे रुपये ठेवले. जुलैत सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत पाटी भरलेली असे. मुलांचा आवाज आत्यांना खोलीत ऐकू जाई. एकदा त्यांनी वरून निरोप पाठवला, “त्या मुलीला सांगा, ‘श’ नीट म्हण.”

परवाना आल्यावर महिन्यातून दोन रविवारी सकाळी सिनेमा सुरू केला, भाड्याच्या प्रोजेक्टरवर. इथे पुन्हा एक गोष्ट उशिरा कळली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यातच आहे, तेव्हा जुने मराठी सिनेमे सहज मिळतील असं आम्ही धरलं होतं. संग्रहालयात प्रत असते, दाखवण्याचे हक्क निर्मात्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतात. एका सिनेमासाठी आम्ही तीन शहरांत वारस शोधले आणि तारीख दोनदा बदलली.

काय हाती लागलं

पहिले तीन शो हाऊसफुल्ल गेले. सही केलेली माणसं आली, फोटो काढले, डोळे पुसले. चौथ्या शोला सत्तर जण होते, सहाव्याला बेचाळीस. सह्यांच्या पाच वह्यांमधून नियमित येणारे किती निघाले ते मी मोजायला बसलो आणि तीन पानांनंतर थांबलो. मग लहान मुलांचे सिनेमे आणि कॉलेजच्या मुलांचे लघुपट लावायला लागलो, तेव्हा आकडा दीडशेवर जाऊन स्थिरावला.

तालमी, रविवारचे शो आणि अधूनमधून एखादं अभिवाचन यांतून चालू मिळकतकर, वीज, मामांचं मानधन आणि एका झाडूवाल्या मावशींचा पगार निघतो. मागची थकबाकी निघत नाही. कैच्यांच्या सांध्यांना गंज आहे, त्याचे पैसे नाहीत. दर्शनी भागाची नक्षी दर पावसाळ्यात थोडी थोडी पडते. पडलेले तुकडे आम्ही क्रमांक टाकून विंगेत ठेवले आहेत. उरलेला पस्तीस एमएम प्रोजेक्टर मामांनी साफ करून चालता केला. चौदा फुटी कापडावर त्यांनी शाळेच्या मुलांना एक रीळ दाखवलं, ठिपका आल्यावर थांबवून तो दाखवला.

घड्याळजींनी आपल्या दुकानाच्या मागचा पाइप स्वखर्चाने बदलला. त्यांच्याशी आम्ही पहिल्या वर्षात एकदाही नीट बोललो नव्हतो.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या आठवड्यात चाव्या मागेन आणि आत काय काय आहे त्याची यादी करेन. मशीन, कर्णे, काचा, तिकिटांची पुस्तकं, खुर्च्यांचे लोखंडी पाय, सगळं. मालकाची सही घेऊन एक प्रत त्याला देईन. एवढं केलं असतं तर दुसरं मशीन आज जागेवर असतं. विकायचंच होतं तर आम्हीच भंगाराच्या भावाने घेतलं असतं. हा माझा दोष आहे, कारण इमारतीची पाहणी माझ्याकडे होती आणि मी पाहणी म्हणजे भिंती आणि कैच्या एवढंच धरलं.

वर्तमानपत्राकडे जाण्याआधी मालक, नोकर आणि पागडीवाले अशा तिघांच्या घरी जाईन, याच क्रमाने. आत्यांचा प्रश्न आम्हाला सहा महिने उशिरा कळला. तो आधी कळता तर सहापैकी किमान दोन सह्या झाल्याच नसत्या, असं भाचे आता स्वतः म्हणतात.

करार तीनऐवजी पाच वर्षांचा मागेन. पहिलं वर्ष परवान्यांतच जातं. वारसा यादीबद्दल मात्र माझं मत ठरत नाही. कुटुंबाला बरोबर घेऊन तो अर्ज करावा असं आता वाटतं, आणि भाच्यांनी टीडीआरची माहिती स्वतःहून मागितली आहे. पण त्यांच्या तोंडून होकार येईपर्यंत मी तो विषय काढणार नाही.

कराराची मुदत पुढच्या वर्षी संपते. नूतनीकरणाच्या मसुद्यावर आतापर्यंत सात जणांनी होकार कळवला आहे, दोघांना टीडीआरचं स्पष्ट झाल्यावर बोलायचं आहे, एकाने उत्तर दिलेलं नाही. बिल्डरचा प्रस्ताव अजून जिवंत आहे, नव्या आकड्यांसह. येत्या रविवारी शो नाही. सकाळी सातला आम्ही चौघे पन्हळ साफ करायला चढणार आहोत. शिडी घड्याळजींकडे आहे.